पोटाचं निमित्त

१४ मार्च १९८८, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा. काय लिहू? म्हणे तीन गोष्टी. गोळी घेतली का, पोट साफ झालं का, आणि भीतीचा झटका आला का. मी म्हटलं, साहेब, मी लूमचा जॉबर आहे, बंद पडलेले लूम चालू करतो, कारकुनी नाही करत. ते म्हणाले, सातवी झालाय ना, मग लिहा. बोलायची सोयच नाही. सूतवाल्या व्यापाऱ्यानं नव्या वर्षाला दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, ती काढली. चंद्रानं विचारलं, काय लिहिताय? म्हटलं, पथ्य.

चंद्रा माझी बायको. तिला आणि अख्ख्या चाळीला मी सांगितलंय की पोटाचं दुखणं आहे. 'ठाण्याला दाखवलं' म्हटलं की भिवंडीत लोक आधी डोक्याकडं बोट नेतात, म्हणून येताना एसटीतच ठरवून टाकलं, पोट. पोटाचं दुखणं सगळ्यांना असतं.

खरं दुखणं असं. ७ जानेवारीला संध्याकाळी लतीफच्या लूमचा पिकर मला झिजलेला दिसला. पिकर म्हणजे धोट्याला, आडवं सूत घेऊन धावणाऱ्या टोकदार लाकडाला, फटका मारणारा चामड्याचा ठोकळा. तो झिजला की धोटा कुठं जाईल त्याचा नेम नाही. शिफ्ट संपत आली होती. म्हटलं, उद्या बदलू. अर्ध्या तासात धोटा उडाला आणि लतीफच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला. सतरा वर्षं एका कारखान्यात आहोत आम्ही. मी त्याला दवाखान्यातही बघायला गेलो नाही. पाय उचललेच नाहीत.

तेव्हापासून कारखान्याच्या दारात उभा राहिलो की छाती धडधडते, हात गार पडतात, वाटतं आत्ता जीव जातो. छातीची पट्टी दोनदा काढली. हृदय ठणठणीत. गुलाम हुसेन शेठ भला माणूस, त्यानं मला बाहेर सुताच्या गोदामात बसवलं. पण परवा म्हणाला, "तुळशीराम, ईदपर्यंत तुझी वाट बघतो. ईदनंतर मला दुसरा जॉबर ठेवावाच लागेल." म्हणजे मग मी अंबाडीला भावाच्या दारात. लूमशिवाय मला दुसरं येतं काय?

गोळी घेतली. पिवळी, शेंगदाण्यापेक्षा लहान. एवढीशी काय करणार आहे.

१७ मार्च, गुरुवार

एवढीशी गोळी, पण काय करते ते कळलं. तीन दिवस पोट नाही. तोंडाला इतकी कोरड की भाकरीचा घास टाळूला चिकटतो आणि बोटानं काढावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, "गुण उशिरा येतो, त्रास आधी येतो. सहा आठवडे धीर धरा." धीर धरायला माणसाकडं स्वतःचा संडास तरी हवा! आमच्या चाळीत अकरा खोल्यांना दोन संडास, त्यातल्या एकाची कडी तुटलेली. सकाळी पाचपासून टमरेलांची लाईन. आत बसून दोन मिनिटं झाली की बाहेर डबे वाजायला लागतात. "अरे, आत झोपला का काय!" असल्या गोंगाटात कोणाचं पोट मोकळं होणार? आज तसाच उठून आलो आणि चेहरा मोठा समाधानाचा केला. कशासाठी केला, देव जाणे.

२० मार्च, रविवार

सहावा दिवस. चाळीत बातमी फुटली. फोडली अर्थात ठमाबाईनं. ही शेजारची म्हातारी, नळ आणि संडासची लाईन दोन्ही हिच्या हुकमात चालतात. सकाळी दारात येऊन उभी. "तुलशा, पोटात काय दगूड भरलास का? ये हिकडं." वाटीभर एरंडेल, वरून गरम चहा. नको म्हटलं तर म्हणते, "तुझ्या बापाला पन पाजला असता मी. पी गुपचूप."

प्यालो. पुढचं लिहीत नाही. एवढंच लिहितो की दुपारपर्यंत तुटक्या कडीचा संडास माझ्या एकट्याच्या नावावर होता आणि चंद्रा बाहेर दार धरून उभी होती. आतून मी ओरडलो, "अगं जा, लोक बघतायत." ती म्हणाली, "बघू देत. माझाच नवरा आहे." मला हसू आलं. असल्या जागी बसून माणूस हसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

झटका : एक, सकाळी. लूमचा आवाज नुसता लांबून ऐकला म्हणून.

२६ मार्च, शनिवार

पोट दोन दिवसांआड. रोज सकाळी ताटात पपई असते. पिकलेली, गोड. चंद्राला विचारलं, "पपई कुठून आणतेस गं रोज?" म्हणाली, "मिळते." उर्दू पेपरात गुंडाळलेली असते. फळवाला मुसलमान असणार.

एक गंमत. आजकाल चाळीतली माणसं सुधारलीत. मी आत असलो की कोणी डबा वाजवत नाही. काल तर हिरामण, जो स्वतःच्या बापालाही पुढं जाऊ देणार नाही, मला म्हणाला, "जावा काका, तुम्ही आधी जावा." वय झालं की मान मिळतो हे खोटं नाही. पंचेचाळीस म्हणजे कमी नव्हे.

२ एप्रिल, शनिवार

ठाण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी ही डायरी वाचली. एरंडेलाच्या पानावर खो खो हसले, मला राग आला. मग म्हणाले, "एरंडेल बंद. रात्री इसबगोल, सकाळी चालायचं, आणि दिवसाला दहा ग्लास पाणी. दहा म्हणजे दहा. ही गोळी तोंड सुकवते आणि आतडी सुस्त करते. पाणी कमी पडलं की तुमचं पोट बसलंच समजा. आणि गोळी मनानं थांबवायची नाही."

म्हटलं, साहेब, गुण कधी? त्यांनी उलट विचारलं, या आठवड्यात झटके किती? मी डायरी चाळली. तीन. त्याच्या आधीच्या आठवड्यात नऊ होते. मला पत्ताच नव्हता.

गोदामात पाण्याचा माठ आता माझ्या खुर्चीशेजारी आलाय. आधी लांब कोपऱ्यात होता. शेठ म्हणतो, तिकडं घूस लागलीय. मला तर कधी दिसली नाही.

४ एप्रिल, सोमवार

लतीफ कामावर आला.

गोदामाच्या जाळीतून त्याचा आवाज ऐकला आणि मी सुताच्या पोत्यांमागं जाऊन बसलो. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पोत्यांमागं! धडधड एवढी की वाटलं त्याला ऐकू जाईल. तो गोदामाच्या दाराशी आला, थांबला, कोणाला तरी म्हणाला, "जॉबर है क्या अंदर?" कोणीतरी नाही म्हणालं. तो गेला.

त्याला काय बोलायचं असणार ते मला माहीत आहे. बोलू दे, त्याचा हक्क आहे. पण मला ऐकवणार नाही. पूर्वी चार लूम चालवायचा, आता दोनच चालवतो म्हणे.

१५ एप्रिल, शुक्रवार

आज कारखाना बंद. चंद्रा मागं लागली, अकलोलीला चला, कढत पाण्यानं पोट सैल पडतं. पोटासाठी म्हणून गेलो. कुंडात उतरलो, कमरेपर्यंत पाणी, वास गंधकाचा. चंद्रा काठावर पाय सोडून बसली होती. मी म्हटलं, पाठ चोळ. ती म्हणाली, "लोक आहेत." मी म्हटलं, "बघू देत. तुझाच नवरा आहे." लाजली. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी लाजते. मग पदर खोचून चोळली पाठ.

तेव्हा वाटलं सांगून टाकावं. चंद्रा, पोट नाही गं, मला भीती वाटते. धोट्याची नाही, लतीफच्या तोंडाकडं बघायची. ओठावर आलं होतं. पण ती म्हणाली, "रात्रीची गोळी विसरू नका हां. उशीर झाला तर म्हणून मी पिशवीत टाकून आणलीय." म्हटलं, बरं. बिचारी अ‍ॅसिडिटीची समजते आणि एवढी जपते. हिला वेड्याच्या गोळ्या म्हणून सांगू कसं?

झटका : या आठवड्यात एकही नाही. काल मी कारखान्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलो होतो.

१८ एप्रिल, सोमवार

पहिला रोजा. ऊन असं की पत्रे तडतडतात.

कामगारांत आम्ही पाच-सहा जण सोडले तर सगळे रोजेदार. सतरा वर्षं माझा एक नेम आहे. रमजानच्या महिन्यात मी कारखान्याच्या आवारात पाणी पीत नाही. कोणी सांगितलेलं नाही. पहिल्याच वर्षी भर दुपारी मी तांब्या तोंडाला लावला आणि समोर नूर मोहम्मद चाचा लूमवर, ओठ फाटलेले, माझ्याकडं न बघता काम करत होता. घोट घशाखाली गेला नाही. तेव्हापासून नाही पीत.

यंदा तर समोर लतीफ असणार. त्याचा डोळा घेतला, आता त्याच्यासमोर घटाघटा पाणी पिऊ? तेवढा निर्लज्ज नाही मी.

दहा ग्लास म्हणे. सकाळी दोन, घरी गेल्यावर तीन. पाच झाले. डॉक्टरला काय कळतंय.

२३ एप्रिल, शनिवार

पाच दिवस पोट नाही. जीभ लाकूड. इसबगोल घेतलं, ते पाण्यावाचून आत बसून राहिलं. पोट तट्ट फुगलंय, वाकता येत नाही. दुपारी शेठ दोनदा येऊन गेला, "तुळशीराम, पाणी पी रे." म्हटलं, तहान नाही. माठाकडं बघायचंसुद्धा नाही असं ठरवून मी खुर्ची भिंतीकडं फिरवलीय.

ठमाबाई म्हणाली, "तुला काय झालाय काय? तोंड बघ, सुकल्याला बोंबील."

२७ एप्रिल, बुधवार

ठरवलं. गोळी बंद. परवापासूनच घेत नाहीये. रात्री चंद्रासमोर तोंडात टाकतो आणि मोरीत थुंकतो. नाही तरी झटके थांबलेत, म्हणजे बरा झालो. मग उगाच आतडी का सडवायची? आज तोंडाला थोडं पाणी सुटलं. आज पोटही साफ झालं, बसल्या बसल्या! पोट मोकळं तर माणूस मोकळा. शेठला सांगितलं, सोमवारी आत येतो.

१ मे, रविवार

लिहायला हात स्थिर नाही.

काल काय झालं ते लिहितो. परवापासून झोप नाही, अंगाला घाम, मळमळ, आतून थरथर. म्हटलं ऊन लागलं. काल सकाळी कारखान्याच्या फाटकात पाय ठेवला आणि ते आलं. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं. मी खालीच बसलो. लूमचा आवाज डोक्यात, श्वास सापडेना, मी ओरडलो म्हणे, "बंद करा, बंद करा." काय ओरडलो मला आठवत नाही. शेठनं स्वतः रिक्षात घातलं, घरापर्यंत मांडीवर डोकं घेऊन आला. रोज्यात होता तो.

चंद्रानं मला झोपवलं, शेठला दारापर्यंत सोडून आली आणि मोरीत गेली. परत आली तेव्हा हातात तीन गोळ्या होत्या. भिजून अर्धवट विरघळलेल्या, मोरीच्या जाळीत अडकलेल्या.

"या काय?"

मी म्हटलं, "पोटाच्या आहेत गं. पोट बरं झालं म्हणून…"

मग ती जी सुटली! बावीस वर्षांत असं बोलली नव्हती. "पोटाच्या? मला शेंबडी पोर समजता? पहिल्याच दिवशी चिठ्ठी घेऊन मी औषधवाल्याकडं गेले होते. त्यानं सांगितलं, बाई, ही घाबरण्यावरची गोळी आहे. झोपेत 'लतीफ, लतीफ' करता ते कोणाला ऐकू येतं? तुम्ही पोट म्हणालात म्हणून मी पोट म्हटलं. म्हटलं, ह्यांना तसं सोपं जात असेल तर तसं. दीड महिना पोट पोट करतेय मी, आणि तुम्ही मोरीत थुंकता?"

मला रडू आलं. म्हटलं, "चंद्रा, मी वेडा नाही गं."

"वेडे नाही, मूर्ख आहात." आणि माझं डोकं पोटाशी धरलं. बराच वेळ.

नंतर विचारलं, पाणी का पीत नव्हतात? सांगितलं, रोजे आहेत, लतीफ समोर आहे.  ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. म्हणाली, "तुमच्यापुढं हात टेकले बाई."

३ मे, मंगळवार

काल चंद्रा ठाण्याला बरोबर आली. डॉक्टर तिच्याशीच बोलले, माझ्याकडं बघितलंही नाही. गोळी एकदम सोडली म्हणून अंग थरथरलं आणि दबलेली भीती वर आली, असं म्हणाले. पुन्हा सुरू, आधी अर्धी, मग एक. मग मला विचारलं, "तुमच्या धर्मात रोजा आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग पाणी प्या."

सांगायला सोपं आहे. डॉक्टरच्या समोर लतीफ नसतो.

आज चंद्रा दुपारभर घरी नव्हती. म्हणाली, लतीफच्या घरी गेले होते, जैनबकडं. जैनब म्हणजे लतीफची बायको, कपडे शिवते. ब्लाऊज टाकायचा होता म्हणे. मी म्हटलं, दुसरी शिवणारी मिळाली नाही का तुला सगळ्या भिवंडीत? ती येताना आणलेली पपई उर्दू पेपरातून सोडवत बसली. बायकांना कपड्यापुढं काही सुचत नाही.

९ मे, सोमवार

आज सविस्तर लिहितो. चंद्रा म्हणाली, जेवून घ्या आधी. म्हटलं, नाही, आधी लिहितो.

अर्धी गोळी चालू. पोट पुन्हा बसायला लागलंय. पाणी घरी पितो, कारखान्यात नाही. हे चंद्राला सांगितलेलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला शेठ गोदामात आला. म्हणाला, "लतीफचा लूम अडलाय. आज दुसरा कोणी नाही. नुसतं दारातून बघ, काय झालंय ते सांग. आत जाऊ नको हवं तर."

उठलो. उंबऱ्याशी उभा राहिलो. आत गरम हवा, सूत उडतंय, पन्नास लूम एका दमात खडखडतायत. धडधड सुरू झाली. पण पूर्वीसारखी पायाखालची जमीन गेली नाही. मी चौकट धरली. तोंड मात्र असं सुकलं की ओठ दाताला चिकटले.

लतीफ आपल्या लूमपासून निघाला. सरळ माझ्याकडंच येत होता. मी मान खाली घातली. पळायचं होतं, पण चौकट सुटेना. त्याचे पाय माझ्यासमोरून गेले, गोदामाकडं. माठाचं झाकण वाजलं. परत आले. माझ्या नाकासमोर स्टीलचा ग्लास, काठोकाठ.

"पी."

म्हटलं, "लतीफभाई, रोजा है तुम्हारा."

"रोज़ा मेरा है. पेट तेरा है. जैनब ने सब बताया मेरे को. बीस दिन से प्यासा मरता है, मेरे वास्ते? मैंने बोला था तेरे को?"

जैनबला कोणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुम्हारे सामने कैसे पिऊं? तुम्हारी आंख…"  चार महिने दाबून ठेवलेलं होतं, ते तसंच बाहेर आलं. "पिकर घिसा हुआ था. मैंने देखा था. बोला, कल बदलेंगे."

"मालूम है."

"तुमको मालूम है?"

"पहले दिन से. मेरे को, सेठ को, सबको. गलती तेरी थी, तुलसी. मैं नहीं बोलूंगा कि नहीं थी." त्याचा हात हलला नाही. ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नाही. "तू अस्पताल नहीं आया, उसका मेरे को ज़्यादा लगा. अब पी."

शेजारच्या लूमवर नूर मोहम्मद चाचा होता. त्यानं एकदा बघितलं आणि मुद्दाम पाठ केली. त्याच्या पलीकडच्यानंही केली. बघता बघता त्या ओळीतल्या सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं झाल्या, काम चालू ठेवून. मला प्यायला लाज वाटू नये म्हणून.

मी प्यालो. अर्धं सदऱ्यावर सांडलं. रडत होतो, नाक वाहत होतं, सगळं पाण्यात मिसळलं. त्यानं ग्लास घेतला, जाऊन पुन्हा भरून आणला. दुसराही प्यालो. तिसरा त्यानं आणला तेव्हा म्हटलं, बस. तो म्हणाला, "डॉक्टर ने दस बोला है ना?" आणि उभाच राहिला.

तिसरा संपला तेव्हा मी मान वर केली. जानेवारीपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. डावी पापणी आत गेलेली, शिवल्यासारखी. मला वाटलं होतं, बघवणार नाही. बघवलं. उजव्या डोळ्यात मी राग शोधत होतो. राग नव्हता, दयासुद्धा नव्हती. घाई होती. मीटरवर मजुरी त्याची, आणि दोनातला एक लूम अर्धा तास उभा.

"चल," तो म्हणाला. "इफ्तार से पहले चालू करके दे."

मी चौकट सोडली आणि त्याच्यामागं आत गेलो.